पावसाळ्यात रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लाटांची छायाचित्रे काढायची आहेत. कोठे उभे राहावे आणि कोणती तिथी निवडावी?

भीमाकाठ (सोलापूर), प्रश्न

नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षे मी उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. पाण्याजवळ काम करण्याची सवय आहे, पण ते पाणी धरणाचे, म्हणजे जागच्या जागी राहणारे. या वर्षी प्रथमच भर पावसाळ्यात समुद्राकडे जाण्याचा विचार आहे. आषाढी एकादशीची गर्दी ओसरली की मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट अशा मार्गाने मी व माझा भाचा रत्नागिरीला जाऊ. आषाढ अमावास्येला उधाण मोठे असते असे ऐकल्यामुळे त्याच दिवशी संध्याकाळी तेथे असावे असे ठरवले आहे. माझ्याकडे मधल्या श्रेणीचा कॅमेरा, २४-७० आणि १००-४०० मिमी अशी दोन भिंगे आणि एक जुना ट्रायपॉड आहे.

माझ्या डोळ्यांसमोरचे चित्र असे आहे की काळ्या खडकावर लाट फुटून पाणी दोन पुरुष उंच उडाले आहे आणि मागे पावसाने भरलेले आभाळ आहे. असे चित्र काढण्यासाठी खडकाच्या किती जवळ जावे लागते आणि किती जवळ जाणे शहाणपणाचे असते, हे सांगावे. घरच्यांनी परवानगी दिली आहे, पण ती मी तेथे काय करणार आहे हे त्यांना नीट ठाऊक नसल्यामुळे, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

भुईकोट (सोलापूर)

आपल्या प्रश्नातच अडचण आहे. ज्या खडकावर लाट फुटते त्या खडकाजवळ जाण्याची गरजच नसते. तुमच्याकडे १००-४०० भिंग आहे, म्हणजे खाडीच्या किंवा छोट्या उपसागराच्या एका टोकावर उभे राहून समोरच्या टोकावर फुटणारी लाट तुम्ही चौकटभर घेऊ शकता. लाट कडेने दिसते, तिची कमान दिसते आणि मागचे आभाळही येते. खडकावर जाऊन समोरून काढलेल्या चित्रात बहुधा नुसती पांढरी भिंत दिसते.

उंचीचेही एक गणित आहे. खूप उंच कड्यावरून खाली पाहिले की सहा मीटरची लाटही चादरीवरच्या सुरकुतीसारखी दिसते. समुद्रपातळीपासून आठ-दहा मीटर उंचीवरची आणि लाट जेथे फुटते त्यापासून बाजूला असलेली जागा मला सर्वांत सोयीची वाटते. आरे-वारे येथे रस्ता डोंगराच्या कडेने समुद्राच्या वरून जातो. तेथे असे कोन मिळतात. मात्र वळणावर गाडी उभी करू नये, कारण पावसात मागून येणाऱ्या वाहनाला तुम्ही उशिरा दिसता. कड्याच्या अगदी कडेलाही जाऊ नये. कोकणातला जांभा दगड वरून भक्कम दिसतो, पण खालून लाटांनी पोखरलेला असू शकतो आणि पावसात त्यावर माती व शेवाळ मिळून साबणासारखा थर जमतो. आपल्या काळ्या रानात पाय रुतलेला माणूस निदान जागेवर तरी राहतो, जांभ्यावर तसे होत नाही.

नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, त्यामुळे भिंग थेट पश्चिमेकडे रोखले तर दर दहा सेकंदांनी काच पुसत बसावे लागते. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड करून, वारा खांद्यावर घेऊन काम करावे. शक्य असेल तर गाडी वाऱ्याला आडवी लावून, आडोशाच्या बाजूची काच खाली करून आतूनच छायाचित्रे काढावीत. काचेच्या काठावर भिंग टेकवण्यासाठी मी किलोभर मालदांडी ज्वारी भरलेली कापडी पिशवी वापरतो. बाजारातल्या महागड्या बीनबॅगपेक्षा ती चांगली बसते, आणि परतल्यावर भाकरीही होते.

फुटणारे पाणी गोठवायचे असेल तर शटरवेग १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावा. ढगाळ उजेडात त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ८०० ते १६०० पर्यंत न्यावा लागतो. पाण्याच्या रेषा ओढलेल्या हव्या असतील तर १/८ ते १/२ सेकंद पुरतो, पण भर वाऱ्यात ४०० मिमीवर ट्रायपॉडही थरथरतो, म्हणून त्याचे पाय आखूड ठेवावेत आणि मधला दांडा वर काढू नये. तुषारांमध्ये ऑटोफोकस सैरभैर होतो; लाट ज्या खडकावर आपटते त्यावर आधीच फोकस धरून तो मॅन्युअलवर कायम करावा. फेसातला पांढरा रंग जळू नये म्हणून हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, उजवी कड पाहत राहावे. पावसाळ्यात तेथील पाणी निळे नसते, गढूळ तपकिरी असते, त्यामुळे माझी निम्मी चित्रे शेवटी कृष्णधवलच होतात. वाईट वाटून घेऊ नये, ती तशीच अधिक चांगली दिसतात.

माळढोक (सोलापूर)

भुईकोट यांनी चित्राची बाजू सांगितली. मी माझी फजिती सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून मला माझाच जुना बेत आठवला.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी गुहागर तालुक्यातल्या एका खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या सपाट खडकावर, उभा होतो. सर्व काळजी घेतली होती, निदान माझी तशी समजूत होती. आधी वीस मिनिटे दूर उभे राहून लाटा पाहिल्या, सर्वांत मोठी लाट कोठपर्यंत येते ते ठरवले आणि तिच्याही मागे चार-पाच पावलांवर ट्रायपॉड लावला. पुढची पंधरा मिनिटे एकही लाट तेथपर्यंत आली नाही. मग एक आली. ती फार उंच नव्हती. फक्त फुटल्यावर थांबली नाही, सपाट खडकावरून पाण्याचा लोंढा सरळ माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. ट्रायपॉड आडवा झाला, मी त्याला धरायला वाकलो आणि परतणाऱ्या पाण्याने माझे पाय ओढले. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कवचांनी दोन्ही तळहात फाटले. पण त्याच कवचांमुळे हाताला पकड मिळाली, नाहीतर हे लिहायला मी नसतो. ट्रायपॉडला अडकवलेला कॅमेरा मात्र गेला.

नंतर मी याबद्दल वाचले आणि माझी चूक समजली. समुद्रावर एकाच वेळी निरनिराळ्या वाऱ्यांनी उठवलेल्या, निरनिराळ्या लांबीच्या लाटा चालत असतात. त्यांपैकी दोन-तीन जेव्हा एकमेकींवर चढतात तेव्हा एकदम मोठी लाट तयार होते, आणि तशी वेळ दहा मिनिटांनी येईल की चाळीस मिनिटांनी, हे किनाऱ्यावरून दिसत नाही. हैदराबादचे इन्कॉइस हे केंद्र समुद्राचे अंदाज देते. त्यात लाटेची जी उंची असते ती सर्व लाटांपैकी सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे अंदाजात साडेतीन मीटर लिहिले असेल, तर काही तासांत सात मीटरच्या आसपासची एखादी लाट येणे हे त्या अंदाजातच धरलेले असते. त्याच ठिकाणी लाटेचा कालावधीही दिलेला असतो, तोही पाहावा. सात-आठ सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याची असते. चौदा-पंधरा सेकंदांची लाट लांबून आलेली असते, आणि उंची कमी असली तरी ती किनाऱ्यावर फार आत घुसते.

आणखी एक गोष्ट. कोरड्या खडकावर उभे राहावे, ओल्यावर राहू नये, असा नियम सर्वत्र सांगितला जातो. पावसाळ्यात तो निरुपयोगी आहे, कारण सगळाच खडक ओला असतो. त्याऐवजी खडकावर काय वाढले आहे ते पाहावे. कालवे आणि निसरडे हिरवे शेवाळ आहे तेथे समुद्र रोज येतो. नुसता काळा, उघडा दगड आहे तेथे तो अधूनमधून येतो. गवत आणि झुडपे रुजली आहेत तेथपासून मागे तुमची जागा.

माहेर-मिऱ्या (सोलापूर)

माझे माहेर रत्नागिरीत मिऱ्याला आणि सासर सोलापुरात. त्यामुळे समुद्राविषयी मला विचारणारे येथे फारसे कोणी नसते. आज संधी मिळाली आहे, तर थोडे सविस्तर लिहिते.

दादा, तुम्ही अमावास्येची संध्याकाळ निवडली आहे, ती बदला. आमच्याकडे भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. एकादशीला सव्वाआठ, अष्टमीला सहा, आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. भरती रोज पाऊण तास ते पन्नास मिनिटे उशिरा येते, म्हणून हा हिशेब जमतो. तो ढोबळ आहे, पक्की वेळ रत्नागिरीच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातच पाहावी. मुंबईचा तक्ता आमच्याकडे लावू नये. तेथील वेळही वेगळी आणि पाण्याची चढउतारही आमच्यापेक्षा बरीच मोठी.

आता अमावास्येला काय होईल ते पाहा. उधाणाची भरती सकाळी सव्वाअकराला येईल आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, म्हणजे तुम्ही कॅमेरा घेऊन उभे असाल तेव्हा, पूर्ण ओहोटी असेल. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारे खडप दूरवर उघडे पडते. पाहुणे नेमके तेव्हाच पुढे चालत जातात. सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तोपर्यंत पाणी परत चढू लागलेले असते आणि ते समोरून येत नाही, दोन्ही बाजूंच्या घळींतून मागे येते. पुढे उभ्या असलेल्या माणसाला ते कळत नाही. आमच्या लहानपणी आजोबा सांगायचे की खडपावर जायचे असेल तर पाणी उतरत असताना जावे आणि ते चढू लागायच्या आत घरी यावे.

लोकांचा एक मोठा गैरसमज असतो, तोही सांगते. लाटा अमावास्येमुळे मोठ्या होत नाहीत. लाट वाऱ्याने होते. चंद्रामुळे फक्त पाण्याची पातळी वर-खाली होते, म्हणजे लाट कोणत्या पायरीवर उभी राहून आपटणार एवढेच ठरते. आषाढात वारा लागलेला असेल तर लाटा भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांतही तेवढ्याच मोठ्या असतात. म्हणून तुम्ही वद्य अष्टमीच्या आसपास जावे. तेव्हा भांग असतो, पाण्याची चढउतार कमी असते आणि भरती संध्याकाळी सहा-साडेसहाला पूर्ण होते. खडकांवर पाणी भरपूर असल्यामुळे लाटा चांगल्या फुटतील, उजेडही हवा तसा असेल, आणि अंधार पडू लागेल तेव्हा पाणी चढत नसेल, उतरत असेल. एकादशीनंतर अकरा-बारा दिवसांनीच ही तिथी येते, त्यामुळे वारकऱ्यांची परतीची गर्दीही संपलेली असेल.

मिऱ्याला समुद्राची धूप थांबवण्यासाठी बंधारा आहे आणि पावसाळ्यात लाटा त्यावरून अलीकडे येतात. त्या पाण्याबरोबर दगडगोटेही येतात, हे लांबून कळत नाही. तेथील चित्र हवे असेल तर बाजूने आणि लांबूनच काढावे, बंधाऱ्यावर चढू नये. हेदवीच्या बामणघळीविषयीही तुम्हाला कोणीतरी सांगेल. खडकातली ती अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट आत शिरते आणि कोंडलेले पाणी कारंजासारखे वर उसळते. चित्र सुंदर येते, पण घळीच्या काठावरून वाकून पाहण्याचा मोह करू नये. पाणी वर येते तेव्हा जितका जोर असतो, त्यापेक्षा खाली जाताना अधिक असतो.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, हे आपणास ठाऊक असेलच. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते या दिवसांत होड्या वर ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहतात. किनाऱ्यावर त्यांच्यापैकी कोणी बसलेले असेल तर आधी दोन शब्द बोलावेत आणि त्यांनी नको म्हटले तर कारण विचारत बसू नये.

लेन्सवाला काका (सोलापूर)

मी कॅमेरादुरुस्तीचे काम करतो. दरवर्षी श्रावणात कोकणातून परतलेले दोन-तीन कॅमेरे माझ्या टेबलावर येतात आणि त्यांची कहाणी बहुधा एकच असते.

"वेदर सील" म्हणजे जलरोधक नव्हे. कॅमेऱ्याला सील असले आणि भिंगाच्या मागच्या कड्याला रबर नसले, तर पाणी तेथूनच आत जाते. भिंगाला पुढे साधा यूव्ही फिल्टर आणि हूड लावावा, कॅमेऱ्यावर पावसाचे आवरण घालावे; ते नसेल तर जाड प्लॅस्टिकची पिशवी हूडला रबरबँडने आवळली तरी चालते. समुद्रावर भिंग बदलू नये. दोन भिंगे नेणार असाल तर त्या दिवसापुरते १००-४०० लावूनच निघावे.

काचेवर तुषार पडले की ते कोरड्या कापडाने घासू नयेत. पाणी वाळले की मिठाचे कण उरतात आणि कापड त्यांनाच काचेवर फिरवते. आधी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने टिपावे, मग कोरड्याने पुसावे. पाच-सहा छोटे टॉवेल न्यावेत. सोलापूरकर असून लोक समुद्रावर शर्टाच्या टोकाने काच पुसतात, याचे मला नवल वाटते.

कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडलाच तर चालू होतो का हे पाहू नये. लगेच बॅटरी आणि कार्ड काढावे, बाहेरचे मीठ ओल्या कापडाने टिपावे आणि लवकरात लवकर दुरुस्तीला द्यावा. तांदळात पुरून ठेवू नये. तांदूळ मीठ ओढत नाही, आणि आत राहिलेले मीठ चार दिवसांत सर्किटवर हिरवा बुरसा आणते. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला तर काचेवर दव धरते. तो अर्धा-पाऊण तास बंद बॅगेतच बाहेर ठेवावा.

भीमाकाठ (सोलापूर)

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब मी तक्त्याशी ताडून पाहिला, पंधरा-वीस मिनिटांच्या फरकाने जमतो. बेत अष्टमीवर नेला आहे. दोन शंका राहिल्या. विजा होऊ लागल्या तर किती वेळ थांबावे? आणि दोघांपैकी एक पाण्यात पडला तर दुसऱ्याने नेमके काय करावे?

माळढोक (सोलापूर)

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर तत्काळ गाडीत बसावे, काचा लावाव्यात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये. उघड्या कातळावर सर्वांत उंच वस्तू तुम्ही आणि तुमचा ट्रायपॉड असता. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे "दामिनी" ॲप मोबाईलवर घेऊन ठेवावे. हवामान खात्याने लाल इशारा दिला असेल किंवा प्रशासनाने किनारा बंद केला असेल तर त्या दिवशी खोलीत बसून भजी खावीत. त्यातच आंबा घाटात दरड आली तर परतीचा मार्गही बंद होतो, म्हणून एक दिवस हाताशी जादा ठेवावा.

दुसऱ्या शंकेचे उत्तर कठीण आहे: मागोमाग उडी मारू नये. पडलेल्याला तरंगायला काहीतरी फेकावे. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि वीस मीटर दोरी गाडीत नव्हे, हाताशी असावी. पडलेल्याने खडकाकडे पोहण्याची धडपड करू नये, कारण लाट त्याला त्याच खडकावर आपटते; खडकापासून दूर, मोकळ्या पाण्यात तरंगत राहावे. ११२ वर आणि तटरक्षक दलाच्या १५५४ वर लगेच फोन करावा. भाच्याच्या हाती कॅमेरा मुळीच देऊ नका. तुमचा एक डोळा भिंगात आणि दुसरा मिटलेला असणार, तेव्हा समुद्राकडे पाहत राहणे एवढेच त्याचे काम.

भीमाकाठ (सोलापूर)

काल रात्री परतलो. अष्टमीला वारा होता, पाऊस थांबून थांबून येत होता. आरे-वारेच्या बाजूला, रस्त्यापासून आत, गवताच्या कडेच्याही मागे गाडी आडवी लावली आणि ज्वारीच्या पिशवीवर भिंग टेकवून पाच ते पावणेसात एवढा वेळ काम केले. समोरच्या टोकावर फुटणाऱ्या लाटांची सहाशेच्या वर छायाचित्रे काढली, त्यांतली चार ठेवण्याजोगी आहेत. एकात पाणी खडकाच्या दुप्पट उंच उडाले आहे आणि त्याच्या बाजूला एक बगळा जसाच्या तसा उभा आहे.

भाच्याने दोनदा हाक मारली. पहिल्यांदा काहीच झाले नाही. दुसऱ्यांदा, आम्ही आदल्या दिवशी ओहोटीला ज्या सपाट खडकावर उभे राहून वेफर्स खाल्ले होते, तो संपूर्ण खडक काही क्षण फेसाखाली गेला. ते चित्र मला घेता आले नाही, मी कॅमेरा खाली ठेवून पाहत राहिलो.

लेन्सवाला काका (सोलापूर)

बगळ्याचे चित्र येथे अवश्य लावावे. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुतले का? नसतील तर आजच धुवा, उद्या सांधे फिरणार नाहीत.